कंसातलं मोठेपण

वर्धा जिल्ह्यात माणसाला जसं आडनाव, तसा गावाला कंस. नुसतं तळेगाव म्हणून भागत नाही. ऐकणारा लगेच विचारतो, "टालाटुले का श्यामजीपंत?" सिंदी म्हटलं की "रेल्वे का मेघे?" हा सवाल ठरलेलाच. त्यातली एक सिंदी नागपूरच्या लोहमार्गावरचं स्टेशन, दुसरी वर्धा शहराच्या बगलेतली वस्ती. चुकीच्या सिंदीत उतरलेला पाहुणा बरोबर सिंदीच्या मांडवात पोचतो, तोवर पंगत उठलेली असते आणि वरबाप आचाऱ्याशी हिशेबाला बसलेला असतो. मेघे या कंसाची तर वर्ध्याभोवती तटबंदीच आहे. सावंगी (मेघे), बोरगाव (मेघे), उमरी (मेघे), पिपरी (मेघे). मालगुजारीच्या काळात गावावर ज्याचा शिक्का, कंसात त्याचं नाव, अशी रीत. १९५१ साली मालगुजारी गेली. वाडे खचले, घोडे गेले, दिवाणजी गेले. कंसाचा मात्र पोपडाही उडाला नाही.

काही गावांना कंस लाभतो, काहींना तो बाधतो. वायगाव (हळद्या) आणि वायगाव (निपाणी) हीच जोडी घ्या. हळद्यावाल्यांच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे ते आता कंसासकट छाती काढून नाव सांगतात. निपाणीवाल्यांना मात्र मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांपुढं आपला कंस जरा तोंडातल्या तोंडात उच्चारावा लागतो, कारण पाहुणीबाईची नजर लगेच विहिरीकडं वळते. आष्टी (शहीद) या गावाचा कंस मात्र निराळा. तो कुणा मालकानं दिलेला नाही, गावानं ऑगस्ट १९४२मध्ये रक्त सांडून मिळवलाय. तिथं थट्टा थांबते.

कंस नसला तर काय होतं याचा जिल्ह्यातला मोठा दाखला म्हणजे शेगाव. गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या या खेड्यात राहायला आले आणि जगभरची पत्रं शेगावच्या पत्त्यावर निघाली. ती थेट बुलढाणा जिल्ह्यातल्या गजानन महाराजांच्या शेगावला जाऊ लागली. पोस्टाच्या दृष्टीनं दोघंही संतच. पोस्टाचं काही चुकलं असं म्हणता येत नाही. शेवटी १९४० साली आपल्या शेगावचं नाव सेवाग्राम झालं. पूर्वीपासून एखादा कंस लावलेला असता तर एवढं जुनं नाव बदलायची पाळी आली नसती. गांधीजींच्या आधी तिथं येऊन राहिलेल्या मीराबेन मूळच्या इंग्लंडच्या, आरमारातल्या बड्या अधिकाऱ्याच्या कन्या. त्यांनी तरी सुचवायला हवं होतं, कारण गावाला शेपूट लावण्यात इंग्रज आपल्यापेक्षा तसूभरही मागं नाहीत. त्यांच्याबद्दल पुढं सांगतोच.

आधी आंजी. वर्ध्याहून आर्वीच्या रस्त्याला लागलं की खरांगण्याच्या अलीकडं हे गाव लागतं. (खरांगणा म्हणजे मोरांगण्याचा. गोड्यांचा खरांगणा वेगळा. वर्धा जिल्ह्यात कंसाशिवाय वाक्यसुद्धा पुरं होत नाही, हे एव्हाना ध्यानात आलंच असेल.) पाटीवर लिहिलेलं असतं आंजी (मोठी). नवखा माणूस पाटी वाचतो आणि हटकून विचारतो, "मग लहान कुठं आहे?" या प्रश्नानं आंजीकराच्या कपाळावर जी आठी पडते ती बघण्यासारखी असते. त्याला मनापासून वाटतं की मोठेपणा सिद्ध करायला शेजारी कुणी लहान उभं करावं लागणं हीच हलकी गोष्ट आहे. तो एवढंच म्हणतो, "आमाले मोठी पुरते जी." आणि विषय सोयाबीनच्या भावाकडं नेतो.

लग्नपत्रिकेत हे मोठेपण पूर्ण तेजात प्रकटतं. मु. पो. आंजी (मोठी), ता. जि. वर्धा. इथं 'ता. जि.' हा नुसता पत्ता नाही, तो एक दर्जा आहे. ज्याचा तालुका आणि जिल्हा एकच, त्यालाच तो जोडून लिहिता येतो. आर्वीकराला, देवळीकराला, सेलूकराला 'ता.' वेगळा आणि 'जि.' वेगळा लिहावा लागतो. पत्रिकेत जागा जाते आणि मानही थोडा कमी होतो. आंजीकर एका दमात दोन्ही लिहून मोकळा होतो.

पण अलीकडं या कंसाला एक शत्रू भेटलाय, तो म्हणजे ऑनलाइन अर्ज. गावाचं नाव टाका, असं संगणक म्हणतो. पोरगं टाकतं, आंजी, कंस सुरू, मोठी, कंस पूर्ण. संगणक लाल होतो. विशेष चिन्हं चालणार नाहीत म्हणतो. आता जो कंस मालगुजारीपासून सातबाऱ्यावर नांदतोय तो 'विशेष चिन्ह' कसा? पोरगं कंस काढून 'आंजी मोठी' लिहितं, तर आधार कार्डावर कंस असल्यानं नाव जुळत नाही. नुसतं 'आंजी' लिहितं, तर यादीत तसं गावच सापडत नाही. मागं रांगेत उभे असलेले बाबा हे सगळं ऐकून म्हणतात, "त्याले म्हना, जरा येऊन पाय, गाव आहे का नाई ते!" रांगेतला दुसरा त्यांना टाळी देतो. तेवढ्यात सर्व्हर जातो आणि सगळेच सुटतात.

आता इंग्लंड. तिकडं नॉरफोक परगण्यात दोन शेजारी खेडी आहेत, एक ग्रेट स्नोरिंग, दुसरं लिटल स्नोरिंग. शाळेत पाचवीपासून इंग्रजी शिकलेल्यालाही या नावांचा अर्थ लागतो आणि हसू येतं. खरं हसू मात्र पुढंच आहे. या दोघांत वस्तीनं मोठं आहे ते लिटल! ग्रेटमध्ये माणसं कमी, तरी पाटीवर ग्रेट ते ग्रेटच. तिथल्या लोकांनी म्हणे कधी तक्रार केली नाही. आपल्याकडं असं झालं असतं तर ग्रामसभेत ठराव, ठरावाला हरकत, हरकतीवर पंचनामा आणि मग नाव बदलण्यासाठी साखळी उपोषण. इंग्रज माणूस फारच सोशिक. लिटल स्नोरिंगच्या चर्चचा किस्सा तर ऐकण्यासारखा आहे. त्याचा गोल बुरूज एकीकडं आणि चर्च दुसरीकडं, दोघांच्या मध्ये मोकळी जागा. बुरूज ज्या जुन्या चर्चला चिकटलेला होता ते कधीच गेलं, नवं बाजूला उठलं आणि बुरूज तसाच सडाफटिंग उभा राहिला. एका कुटुंबात वाटणी होऊन आईबाप एका खोलीत आणि ओसरी दुसऱ्याच्या वाट्याला गेली की जे दृश्य दिसतं, तेच. नॉरफोकात मध्ययुगातली सहाशेच्या वर चर्चं उभी आहेत म्हणतात. वस्ती विरळ आणि चर्च दाट. रविवारी प्रत्येक चर्चला पुरेशी माणसं कशी पुरवतात ही चिंता त्यांच्या पाद्र्यांनाच ठाऊक. (आपल्या जिल्ह्यातही स्नोरिंगच्या तोडीचं घोराड आहे. पण केजाजी महाराजांच्या त्या गावात रात्ररात्र भजन चालतं, नावाला जागायला कुणाला सवडच नाही.)

तर मुद्दा असा की गाव मोठं ठरतं ते डोकी मोजून नव्हे. आजूबाजूच्या वस्त्यांना तिथं यावं लागतं म्हणून. आंजीत बाजार भरतो, दवाखाना आहे, बस थांबते, कृषी केंद्रं आहेत, फटफटीचा मिस्त्री आहे. धाम नदीच्या खोऱ्यातल्या लहान वस्त्यांतला माणूस सकाळी निघतो, आंजीत चहा पितो, बियाणं घेतो, सायकलची ट्यूब बघून घेतो, मुलीच्या शाळेचा दाखला काढतो आणि संध्याकाळी परत जातो. वर्ध्याला जायचं काम असलं तरी आधी आंजीत थांबून "वर्ध्याले जावंच लागते का?" याची खात्री करून घेतो. निम्मी कामं चहावरच्या सल्ल्यानंच मिटतात. वर्धा शहराला आंजीकर तसाही फार भाव देत नाही. पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी १८६६ साली आखून वसवलेलं ते गाव. त्याआधी जिल्ह्याची कचेरी पुलगावजवळच्या कवठ्याला होती. ज्यांच्या आज्या-पणज्या कापसाच्या बंड्या घेऊन याच रस्त्यानं गेल्या, त्यांच्या लेखी दीडशे वर्षांचं शहर म्हणजे कालचं पोरगं. फक्त त्याच्याकडं कलेक्टर आहे, हाच काय तो फरक.

आंजीचा खरा दबदबा मात्र वेगळ्याच कारणानं. हे गाव वैद्यकशास्त्रात गेलेलं आहे. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली सेवाग्रामला देशातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय काढलं. तिथल्या पोरापोरींना खादी घालावी लागते, आश्रमात राहून झाडलोट करावी लागते आणि प्रत्येक तुकडीला एक गाव दत्तक घ्यावं लागतं. आंजीचं प्राथमिक आरोग्य केंद्र आणि त्याभोवतीची गावं ही या महाविद्यालयाची नेहमीची शिकायची जागा. परिणामी इथल्या म्हाताऱ्यांचा रक्तदाब, पोरींचं हिमोग्लोबिन, बाळांचं वजन आणि चुलीचा धूर हे सगळं कुठल्या ना कुठल्या संशोधनात मांडलं गेलं. शहरातल्या माणसाला आपलं कोलेस्टेरॉल दोन वर्षांतून एकदा कळतं; इथल्या आजीला तिचं वजन तीन वेगवेगळ्या तक्त्यांत ठाऊक असतं आणि त्यातला कुठला तक्ता खोटा हेही ती सांगते.

सर्वेक्षणाला आलेला पोरगा बहुतेक परराज्यातला, मराठी नुकतीच शिकलेला. खादीचा सदरा, हातात लिहायची पाटी, कपाळावर घाम.

"आजी, घरात किती सदस्य?"

"एकच. सून. ग्रामपंचायतीत हाय ते."

पोरगा खोडतो, पुन्हा विचारतो. घरात माणसं किती? आजी बोटं मोजते, मग मुंबईला गेलेला नातू धरायचा का, असं त्यालाच विचारते. पोरगा विचारात पडतो, कारण त्याच्या फॉर्मात नातवाचा रकाना सहा महिन्यांच्या अटीवर आहे. चुलीत काय जाळता? "जीव," आजी सांगते. पोरगा ते लिहून घेण्याच्या बेतात असतो, तेवढ्यात शेजारीण त्याला थांबवते. मग त्याला पाणी दिलं जातं, गूळ दिला जातो, आई काय करते, भाऊबहीण किती, लग्न जमलं का, गावी शेती किती, पाऊस कसा, असा त्याचाच सर्व्हे सुरू होतो. तो उठतो तेव्हा त्याच्या फॉर्मात चार रकाने कोरे असतात आणि आजीच्या डोक्यात त्याच्या घराण्याचा पूर्ण तक्ता तयार झालेला असतो. पुढच्या वर्षी नवा पोरगा आला की ती त्याला मागच्याचा हवाला देते. "तो चष्मेवाला होता ना, त्याचं लगन झालं का?" डॉक्टर होऊन दूर देशी गेलेल्या कितीतरी लोकांच्या ध्यानात नसेल, पण आंजीच्या ओसऱ्यांवर त्यांची नोंद ठेवलेली आहे.

आता देवळं. आंजीच्या पंचक्रोशीत पाच घरांची वस्ती झाली की सहावं घर मारुतीचं. त्यानंतर मातामायचं ठाणं, मग कुणाच्या नवसाचा महादेव, मग दत्त, मग गुरुदेव सेवा मंडळाचं प्रार्थना मंदिर, आणि दुसऱ्या बाजूला बुद्धविहार. तिथं १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात दीक्षा घेतलेल्या घरांची तिसरी-चौथी पिढी सकाळची वंदना म्हणते. प्रत्येकाकडं भोंगा. पहाटे सगळे सुरू झाले की वाऱ्याच्या दिशेप्रमाणं मारुतीस्तोत्र आणि वंदना यांचं असं मिश्रण कानी पडतं की अंथरुणातला माणूस नेमका कुठल्या धर्मानं उठला हे त्यालाच समजत नाही.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची जागा या भागात काही औरच. ते अमरावती जिल्ह्यातले. त्यांच्या पुण्यतिथीला गुरुकुंज मोझरीत बरोबर ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखो माणसं एकदम गप्प उभी राहतात. ज्यांना नळावरच्या भांडणाचा शेवट कसा झाला हे सांगायला एक तास पुरत नाही, ती माणसं गप्प! गावोगावच्या खंजिरी भजन स्पर्धा हा त्याचा उतारा म्हणायचा. तिथं कुणी गप्प राहत नाही. आठ-दहा गडी फेटे बांधून येतात, पुढारी खंजिरी अशी फिरवतो की मनगट कुठं आणि खंजिरी कुठं ते दिसू नये. परीक्षकांत एक निवृत्त मास्तर असायलाच हवा, आणि निकाल लागला की हरलेल्या मंडळाच्या मते तो मास्तर जिंकलेल्या गावचा जावई निघायलाच हवा.

मोठी देवळं जिल्ह्यात जरा लांब लांब आहेत आणि आंजीकर तिथंही जातो. वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाजांनी १९२८ साली दलितांना खुलं केलं. आजोबांच्या तोंडी तो दिवस अजून असतो आणि गावातल्या काही जुन्या पंगतींची जागा कशी ठरायची तेही असतं. दुसरी गोष्ट ते हळू सांगतात. गोपुरीच्या गीताई मंदिरात तर मूर्तीही नाही आणि छतही नाही, दगडी शिळांवर विनोबांच्या गीताईचे अठरा अध्याय कोरलेले. तिथं पहिल्यांदा नेलेली आमच्याकडची एक आत्या सगळा फेरा मारून आली आणि शेवटी काळजीनं विचारती झाली, "अन् नारळ कुठी फोडाचा?" पवनारला धामेच्या काठी विनोबांना जमीन खणताना भरत-राम भेटीची मूर्ती सापडली. तेव्हापासून धामेकाठच्या कुणा शेतकऱ्याच्या नांगराला दगड अडला की तो आधी शिवी देत नाही, आधी वाकून बघतो. शिवी नंतर देतो. दूर समुद्रपूर तालुक्यात गिरडच्या टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा; तिथल्या मातीत जायफळासारखे गोल खडे सापडतात. बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्याचा माल त्यांनी दगड करून टाकला, अशी गोष्ट सांगतात. भूगर्भशास्त्रवाले झिओलाइट म्हणतात. कापसाच्या व्यापाऱ्यानं वजनात हात मारला की आमच्या भागातला शेतकरी भूगर्भशास्त्र सोडून गोष्टीच्या बाजूनं उभा राहतो.

पण देवाची महती इथं खरी ठरते ती महाप्रसादावर. कापूस वेचून झाला, हातात चार पैसे खुळखुळले की सप्ताह सुरू होतात, आणि शेवटच्या दिवशी काला. एकाच दिवशी दोन गावांचा काला येऊ नये म्हणून तारखा आधी ठरवाव्या लागतात. एसटीचं वेळापत्रक बिघडलं तरी हे बिघडत नाही. आलू-वांग्याची भाजी, पोळी, वरण-भात, बुंदी. कीर्तनकार कितीही मोठा असो, परतताना बाया बोलतात ते भाजीवर. "देव जागृत हाय हो, भाजी किती घट्ट होती!" सप्ताहाचा आणखी एक फायदा कुणी उघड बोलत नाही. देवळालगतच्या शेतात रानडुकरं आणि रोही त्या आठवड्यात फिरकत नाहीत. रात्रभर मृदंग आणि भोंगा असताना कोण येतं? म्हणून त्या शेताचा मालक वर्गणीत पहिला असतो. जागलीला माणूस ठेवला तर त्याची मजुरी याहून जास्त. पण जंगल जवळ, वाघाची वर्दी आली की मग सगळे भजनालाच थांबतात आणि भक्ती एकदम वाढते.

आता या सगळ्यात आंजी (मोठी) हे नाव सगळ्यात अभिमानानं कोण घेत असेल तर आंजीची लेक, जी आसपासच्या चार घरांच्या वस्तीत दिली गेली आहे. तिच्या बोलण्यात माहेर म्हणजे मोठी, सासर म्हणजे 'इथं'. मोठीत दवाखाना आहे. मोठीत मेडिकल रात्री उघडं असते. मोठीत दोनदोन गणपती बसतात. सासू काही दिवस ऐकून घेते, मग लक्षात ठेवते. पुढं त्या वस्तीचा काला येतो, सुनेच्या माहेरची माणसं पाहुणी म्हणून पंगतीला बसतात, भाजी वाढली जाते आणि पहिल्याच घासाला सगळी पंगत पाण्याचा पेला शोधू लागते. भाजी खारट. सासू संधी सोडत नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारते, "काऊन वो, तुमच्या मोठीत भाजीत मीठ टाकत नाईत का? पाव्हने पानी पानी करून राह्यले."

सून बुंदीचा चमचा थांबवते. "टाकतेत ना आत्याबाई. पन तिथं आचारी एकच रायते, तोच टाकते. इथं चार घरं हायेत, चारी घरचे टाकून गेले."